सातवीच्या वर्गाने बसवलेलं दार

मला पहिली नोकरी लागली ती खारेपाटातल्या एका गावात. अलिबाग आणि पेण यांच्या मधला हा सखल मुलूख. एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दोघांच्या मध्ये पिढ्यान् पिढ्या चिखल रचून उभा केलेला लांबच लांब बांध. भरती आली की खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच उभं राहतं. मी चौलची. आमच्याकडे वाड्या, गोड्या विहिरी, सुपारीची सावली. समुद्राला हातांनी थोपवून भात पिकवणारी माणसं मी पहिल्यांदाच जवळून बघत होते.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं. मी बावीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. शाळा सातवीपर्यंतची, शिक्षक चार, त्यात बाई मी एकटी. हेडमास्तरांनी माझ्याकडे सातवीचं शास्त्र दिलं, कारण ते कुणालाच नको होतं. मला मात्र तेच हवं होतं.

त्याचं कारण माझे वडील. चौलच्या बाजारात त्यांचं गॅसबत्त्या, स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. आम्ही तिघी बहिणी. भाऊ असता तर माझ्या हातात पाना आला असता की नाही, कोण जाणे. पण आला, आणि मी तो सोडला नाही. लग्नसराईत वीस-वीस गॅसबत्त्या दुकानात यायच्या, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून पंपाचे वायसर तेलात भिजवून मऊ करायची. बत्ती का पेटत नाही ते वडील कधी सांगायचे नाहीत. ती माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "तीच सांगेल. विचार तिला."

सातवीच्या वर्गात एकतीस मुलं होती, त्यातल्या सहा मुली. पहिल्याच आठवड्यात हवेचा धडा होता. मी विचारलं, "हवेला दाब असतो का?"

"असतो!" सगळा वर्ग एका सुरात.

"कशावरून?"

पहिल्या बाकावरचा, नेहमी पहिला नंबर येणारा मुलगा उभा राहिला. "बाई, पान बेचाळीस."

मी हसले नाही. त्याचं उत्तर खरंच होतं. हवेचा दाब त्यांच्या लेखी पान बेचाळीसवर राहत होता. दुसऱ्या दिवशी मी ज्या घरी खोली घेऊन राहत होते तिथली गॅसबत्ती मागून आणली, तिचा पंप काढला आणि टेबलावर सुटा केला. दांडा, त्याच्या टोकाला चामड्याची वाटी, आणि अगदी बुडाशी एक छोटीशी झडप. आत गेलेली हवा परत बाहेर येऊ न देणारी. एकेकाला बोट लावून बघायला सांगितलं. वर्ग बाकांवरून उठला तो टेबलाभोवती गोळा झाला. मागच्यांना दिसेना म्हणून दोघं बाकावर चढले. तेवढ्यात हेडमास्तर दारात.

"बाई, धडा संपला का?"

"आत्ता सुरू झाला, गुरुजी," मी म्हटलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. हेडमास्तर पन्नाशीचे, कडक, धोतर-कोट-टोपीतले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परीक्षेत पंप सुटा करायला सांगत नाहीत, व्याख्या लिहायला सांगतात. मी म्हटलं, व्याख्या तर लिहून घेतेच, पण मला शनिवार द्या. शनिवारी शाळा सकाळची असे. सुटल्यावर ज्यांना थांबायचं असेल त्यांना घेऊन मी काहीतरी हाताने करायला शिकवीन. त्यांनी बराच विचार केला आणि दोन अटी घातल्या. शाळेचं काही मोडायचं नाही आणि शाळेकडे काही मागायचं नाही.

मुलांनी त्या तासाला आपणच नाव ठेवलं, खटपटीचा तास. पहिल्या शनिवारी नऊ मुलं थांबली, तिसऱ्या शनिवारी चोवीस. आम्ही सायकलचं चाक उघडलं, नारळाच्या करवंटीचा तराजू केला, रॉकेलच्या डब्याला भोकं पाडून कुठल्या भोकातून पाणी लांब उडतं ते पाहिलं. त्या वयाच्या मुलांना शिकवण्यात एक मजा असते. पाचवीतलं मूल सांगितलं ते खरं मानतं, मॅट्रिकचं पोर परीक्षेला काय येणार ते विचारतं. सातवीतलं मूल मात्र "असं का?" विचारतं, आणि त्याला तेवढ्यात उत्तर मिळालं तर आयुष्यभर विचारत राहतं. हे मी ठामपणे सांगते, कारण पुढे तीस वर्षं मी तेच पाहिलं.

श्रावणातलं उधाण येऊन गेलं आणि एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. खिडकीजवळ बसणारी, सावळी, फारसं न बोलणारी. खटपटीच्या तासाला मात्र एकदाही चुकलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या नखांत काळा चिखल होता.

"कुठे होतीस गं?"

"बांधावर, बाई. खारं पाणी शिरलं शेतात."

"बांध फुटला?"

"न्हाय. बांध बरा हाय. उघाडीचं दार बसत न्हाय."

मी तिला तिथेच थांबवून सगळं विचारून घेतलं. बांधाच्या पोटातून पाण्याची एक वाट काढलेली असते, तिला उघाडी म्हणतात. तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं लाकडी दार असतं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणसाने हात लावायची गरज नाही. आणि आता ते नीट बसत नव्हतं, फटीतून खारं पाणी आत येत होतं. एकदा खारं शिरलं की ते शेत पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नाही.

ती बोलता बोलता मध्येच थांबली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, ते आपल्या पंपातल्या झडपेसारखंच हाय की वो."

मला हे सुचलेलं नव्हतं. तिला सुचलं होतं.

त्याच संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी, मी तिच्याबरोबर बांधावरून चालत उघाडीपर्यंत गेले. जुनं, काळं पडलेलं दार होतं. चौकट सरळ उभी होती आणि दार तिच्यापासून बोटभर लांब लोंबत होतं. पुढच्या शनिवारी मी वर्गाला म्हटलं, "आज आपण उघाडी करायची. चालणारी."

पटांगणात मुलांनी हातभर खोल चर खणला. मधोमध चिखलाचा बांध घातला, एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खाडी. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून चौकट केली, वर तार ओवून फळीचा तुकडा टांगला. विहिरीवरून कळशा आणून भरती आणली. दार मिटलं, पण गळायला लागलं, अगदी खऱ्या उघाडीसारखं.

"दार जड करा," पहिला नंबरवाला मुलगा म्हणाला. "जड असलं की घट्ट बसेल."

"आन् मग पावसाचं पानी कसं जाईल?" खिडकीजवळची मुलगी म्हणाली. "जड दार पानी ढकलील तरी का?"

तो म्हणाला जाईल, ती म्हणाली न्हाय जाणार. वर्गात दोन तट पडले. उत्तर सांगून टाकायचा मोह मी आवरला. मी म्हटलं, "दोघंही करून दाखवा." दाराला दगड बांधून शेताकडून दहा तांबे पाणी ओतलं, आणि खाडीत किती गेलं ते मोजलं. मग दगड काढून तेच केलं. तिचं म्हणणं खरं निघालं. जड दाराने निम्मं पाणी शेतातच अडवून धरलं. मुलगा लाल झाला, पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्याने स्वतःच्या वहीत "माझे चुकले" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पुढचा प्रयोग मांडायला सगळ्यात आधी तोच वाकला.

काथ्या लावून पाहिला, चिखल लिंपून पाहिला, जुन्या चपलेचं चामडं लावून पाहिलं. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी आलो तर रात्रीच्या पावसाने चराची एक बाजू खचलेली आणि आमची चौकट शेताच्या बाजूला कललेली. मुलं हिरमुसली. कुणीतरी ती सरळ करायला गेलं तर ती मुलगी ओरडली, "थांब! पानी ओत आधी."

पाणी ओतलं. दार चौकटीला टेकूनच बसलं होतं. गळती जवळजवळ थांबली.

चौकट कललेली असल्यामुळे दार आपल्याच वजनाने तिच्यावर रेलून बसत होतं. भरती येऊन ढकलेपर्यंत वाट बघायची गरजच उरली नव्हती. मुलं इतकी ओरडली की शेजारच्या घरातली माणसं धावत आली. मी पट्टीने मोजायला लावलं, किती कललं, किती गळलं. थोडं कललं तर थोडा फायदा, फार कललं तर दार उघडायलाच जड. मधली जागा मुलांनी शोधली, आणि पहिल्या नंबरवाल्याने तिचा तक्ता केला.

एव्हाना गावच्या माणसांत बातमी पोचलीच होती. पण गावच्या उघाडीवर ज्यांचा शब्द चालायचा ते एक म्हातारे होते. सगळं गाव त्यांना आजा म्हणायचं. सध्याचं दार त्यांनीच तरुणपणी बसवलेलं. आम्ही पाच-सहा जण तक्ता घेऊन त्यांच्या ओटीवर गेलो. मुलीने सगळं सांगितलं, न अडखळता. आजा जाळ्याच्या दोऱ्याला गाठी मारत ऐकत होते.

"पानी कुठलं घेतलंव?" त्यांनी विचारलं.

"विहिरीचं," मी म्हटलं.

"बाई, खाडीचं पानी विहिरीवानी असतंय व्हय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्यात गाळ असतो. तुमची चौकट कलली की तिचा उंबरा पुढं येतो, तिथं गाळ साचतो. चार बोटं गाळ साचला का दार चार बोटं उघडं."

इतक्या शनिवारांत गाळ हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता. परत येताना एका मुलाने विचारलं, "बाई, आपलं चुकलं का?" मी म्हटलं, "अर्धं. अर्धं बरोबर आलं म्हणजे पुष्कळ आलं. उरलेलं आजांनी फुकट सांगितलं."

पुढच्या शनिवारी खाडीचाच गाळ घमेल्यांनी आणला आणि पाण्यात कालवला. आजांचं म्हणणं तंतोतंत खरं. तिसऱ्या भरतीला उंबऱ्याशी चिखलाची पाचर बसली आणि दार उघडं राहिलं. मुलं उपाय शोधत असतानाच पटांगणाच्या कडेला काठी टेकत आजा येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघत राहिले, मग चराच्या काठावर बसले आणि म्हणाले, "उंबरा उचला. चिखलाला खाली पडाया जागा ठेवा." मुलीने उंबऱ्याखाली दोन बोटं खोलगा केला. ओहोटीच्या पाण्याबरोबर चिखल त्या खोलग्यात उतरला आणि वाहून गेला. त्यानंतर दर शनिवारी आजा आले. खटपटीच्या तासाला तेवढं वय असलेला तो एकच विद्यार्थी.

हिवाळ्यात शाळातपासणी आली. साहेब आले तेव्हा पटांगणात आमचा चर, त्यात चिखल, आजूबाजूला घमेली. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. साहेब नाक मुरडून वर्गात शिरले आणि नेमकं त्या मुलीलाच उठवलं.

"हवेचा दाब म्हणजे काय?"

ती उभी राहिली. व्याख्या तिला पाठ होती, मी घेतली होती. पण साहेबांच्या कोटाकडे बघून ती हरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दाखवू का, बाई?"

साहेबांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिने पेला पाण्याने काठोकाठ भरला, वर पोस्टकार्ड ठेवलं आणि पेला उलटा करून साहेबांच्या टेबलावर धरला. साहेब चटकन मागे सरले. कार्ड पडलं नाही. पाण्याचा थेंब पडला नाही. "कार्डाला खालून कोन धरतो ते तुमी सांगा," असं काहीतरी ती म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. साहेबही हसले. पण शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं ते एवढंच: पटांगण स्वच्छ ठेवावे.

आता शनिवार संपले, असं मी धरून चालले होते. साहेब गेल्यावर हेडमास्तरांनी तो शेरा दोनदा वाचला, वही मिटली. दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर ते घरी गेले नाहीत. कोट काढून खुंटीला लावला, शिपायाकडून फावडं घेतलं आणि शाळेच्या मागे जाऊन स्वतः खणायला लागले.

"गुरुजी, हे काय?"

"पटांगण स्वच्छ ठेवायला सांगितलंय," ते म्हणाले. "मागच्या बाजूबद्दल काही लिहिलेलं नाही."

मार्च-एप्रिलात खारेपाटात बांधबंदिस्तीची कामं निघतात. गावची बैठक बसली. जुनंच दार नव्याने ठोकावं असं बऱ्याच जणांचं मत होतं. आजा उठले आणि म्हणाले, "ते दार मी बसवलं होतं. तवा मला कुनी सांगायला न्हवतं. आता पोरांनी सांगितलंय." गावच्या सुताराने मुलांचा तक्ता मागून घेतला, शाळेमागची प्रतिकृती दोनदा येऊन पाहिली आणि ऐनाच्या लाकडाची नवी चौकट केली. शेताकडे वीतभर कललेली, उंबरा उचललेला, आणि दाराच्या कडेला जुन्या मोटारीच्या टायरचं रबर ठोकलेलं. रबराची सूचना पहिल्या नंबरवाल्या मुलाची. तो धरमतरच्या धक्क्यावर मामाकडे गेला असताना होड्यांना लावलेले टायर बघून आला होता.

तोवर ती सातवी परीक्षा देऊन शाळेबाहेर पडलीही होती. श्रावणातली पौर्णिमा आली. भर दुपारी भरती होती. शाळेला सणाची सुट्टी, मी बांधावर गेले तर जुना वर्ग जवळजवळ सगळा तिथे. हेडमास्तर छत्री घेऊन उभे. आजा उघाडीच्या डोक्यावर बसलेले. पाणी चढत गेलं. खाडी बांधाच्या खांद्याला आली. दार मिटलेलंच होतं. पाण्याने त्यावर भार टाकला तसं ते चौकटीत आणखी रुतलं. आम्ही सगळे शेताकडच्या तोंडाशी वाकून बघत होतो. एका कोपऱ्यातून बोटभर धार येत होती, बस्स.

"गळतंय," तो मुलगा म्हणाला.

"गळू दे," मुलगी म्हणाली. "एवढं भात पितंय."

त्या साली त्या पट्ट्यातलं भात वाचलं. हे सांगताना मी हातचं राखून ठेवत नाही. पुढच्या वर्षी बांधाला दुसरीकडे खांड पडली आणि तिथली शेतं बुडाली. दाराने सगळं गाव तारलं असं मी कधी म्हटलं नाही. पण आमचं दार त्यात टिकलं, आणि खांड बुजवायच्या कामावर आमच्याच सातवीतली चार मुलं पाण्याची उंची मोजायला खुणांची काठी रोवून बसली होती. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या मुलीला पुढे शिकवायचं की नाही, यावरून तिच्या घरी वाद झाला. मी गेले. तिच्या वडिलांशी चांगली दीड तास बोलले. हेडमास्तर येतो म्हणाले नव्हते, पण आले, आणि आजाही आले. तिला हायस्कुलात घातली. मॅट्रिक होऊन ती खाडीपलीकडच्या गावात दिली. चार वर्षांनी भेटली तेव्हा कडेवर मूल होतं. सासरच्या गावात उघाडी बसवताना पुरुषांनी तिला बांधावर बोलावून घेतलं होतं, असं तिने सांगितलं. "सासरे म्हनाले, हिला इचारा, ही शिकलेली हाय." तो पहिला नंबरवाला मुलगा मुंबईला एका कारखान्यात फिटर झाला आणि पुढे स्वतः शिकाऊ मुलांना शिकवायला लागला.

मी त्या गावात सहा वर्षं राहिले. मग माझी बदली थळला झाली, कोळ्यांच्या शाळेत. जाताना अनेकांनी सांगितलं, तिथली पोरं दांडगी, समुद्रावर हुंदडणारी, त्यांना शास्त्रबिस्त्र जमायचं नाही. मी पहिल्या दिवशी सातवीत गेले. पुस्तक टेबलावर मिटून ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या घरी, होडीत, वाळवणात, सगळ्यात जास्त बिघडतं ते काय?"

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, मासली सुकवायच्या दांड्या. वारा उलटा आला का आडव्या पडतात." दुसरा म्हणाला, कप्पी. तिसरी म्हणाली, शिडाची दोरी. एकाच वेळी सगळे बोलायला लागले. मी खडू घेतला आणि फळ्यावर एकेक लिहायला सुरुवात केली. फळा भरला तेव्हा तास संपायला अजून बराच वेळ होता.